राहण्याचा पुरावा

माण, ता. मुळशी
२ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार, आणि तोही मोठ्या आवाजात, कारण कानाचं तू अजून काहीच केलं नसशील. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तुझ्या बटणांच्या फोनवर चार ओळींपुढे काही मावत नाही. त्यामुळे आत्याला टपालाने पत्र लिहिणारी या अख्ख्या आयटी पार्कातली मी एकटीच असेन.

नागपूरहून सामान एकदाचं पोचलं. ट्रक गल्लीत शिरेना, तेव्हा घरमालक कोंडिबांनी स्वतःचा ट्रॅक्टर काढला आणि कपाट, पलंग, वॉशिंग मशीन असं सगळं ट्रॉलीतून वरातीसारखं आणलं. तुझ्या शिलाई मशीनचा एक पाय मोडला. रागावू नकोस, वेल्डिंग करून आणते. कोंडिबा आणि रंभाबाईंची जमीन पार्कात गेली. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी आठ खोल्या बांधल्यात. खाली सात बिऱ्हाडं, वर गच्चीला लागून मी.

तू सांगितलंस तसंच केलं. कुणी अनोळखी माणूस माझं नाव घेऊन आला तर इथं अशी कुणी राहत नाही म्हणायचं, असं रंभाबाईंना बजावलं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलंय की परवा गॅसवाल्यालाही वाटेला लावलं. ‘न्हाई बा, हितं कोन पोरगी राहत न्हाई,’ असं त्या इतक्या ठसक्यात म्हणतात की क्षणभर मलाही खरं वाटतं. पत्रं त्यांच्याच नावावर पाठव.

आता कामाचं. कंपनीने नागपूरहून बदलीचं पत्र दिलं आणि सामान हलवायचा भत्ताही दिला. आता अकाउंट्सवाले विचारतायत, जूनपासून तुम्ही माणला जेमतेम तीस दिवस आहात, बाकी सगळे दिवस साइटवर, मग ही बदली कशी? गोदामांची सॉफ्टवेअर बसवायची म्हटल्यावर मी फिरणारच ना. तू कोषागारात जन्म काढलास, तूच सांग.

तुझी,
जुईली


उमरखेड
८ सप्टेंबर २०२५

चि. जुईली,

आशीर्वाद पुष्कळ. मशीनच्या पायाबद्दल एक रट्टा बाकी ठेवला आहे.

तुझं काम सोपं आहे, घाबरू नकोस. बदली म्हणजे बिऱ्हाड हललं. दौरा म्हणजे माणूस हललं आणि बिऱ्हाड जागेवर राहिलं. बिऱ्हाड हलवायला मिळालेल्या भत्त्यातलं जेवढं खरोखर खर्च झालं तेवढ्यावर कर नाही. उरलेलं खिशात घातलं तर तो पगार, त्यावर कर. तू महिन्यातले पंचवीस दिवस कुठेही हिंड, तुझं कपाट आणि पलंग माणला असले तर घर माणलाच. ट्रकची पावती, बदलीचा हुकूम, खोलीचा करार, एवढं एका फायलीत ठेव. करार केला आहेस ना? हे लोक तोंडी व्यवहार करतात, म्हणून विचारते.

रंभाबाई शहाणी बाई दिसते. तिला म्हणावं, असंच चालू दे. दौऱ्यावर कधी जातेस, कधी परततेस, हे दूधवाल्यालाही कळता कामा नये. कारण विचारू नकोस. मोठ्यांचं कधी कधी नुसतं ऐकायचं असतं.

नलिनीआत्या


सानंद, गुजरात
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

आज विनोद सुचत नाहीये. काल रंभाबाईंचा फोन आला. एक माणूस मोटारसायकलवर आला होता. त्याने माझं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट. त्याच्या फोनवर माझा फोटो होता, आत्या. ती एकटी राहते का, कधी येते, कधी जाते, असं विचारत होता. रंभाबाईंनी नेहमीचं उत्तर दिलं. तो गेला नाही. नाक्यावरच्या दुकानात विचारून परत आला आणि गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याचा फोटो काढून मग निघाला.

रंभाबाई सांगताना खुशीत होत्या. ‘असा हाकलला, परत तोंड दावायचा न्हाई,’ म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि गेस्ट हाउसच्या दाराला आतून खुर्ची लावून बसले. इथं तर मला कुणी ओळखतही नाही, तरी लावली.

कोण असेल? नागपूरच्या ऑफिसातला कुणी? बसमध्ये ओळख काढून नंतर मेसेज करून छळणारा तो एक होता, त्याला मी ब्लॉक केलं होतं. डोकं चालत नाही. तू आधीच सांगून ठेवलं नसतंस तर रंभाबाईंनी त्याला चहा पाजून वर पाठवलं असतं. तुझ्यामुळे वाचले. बाबांना यातलं काही सांगू नकोस, ते मला लगेच परत बोलावतील.

करार केलेला नाही. कोंडिबा कागद करत नाहीत.

जुईली


उमरखेड
२८ सप्टेंबर २०२५

चि. जुईली,

खोली सोड. सानंदहून परस्पर इकडे ये. नोकरी दुसरी मिळेल.

जिन्याचा फोटो त्याला कशाला हवा होता? त्याचं वय काय, उंची किती, रंभाबाईला नीट विचार. आणि आठवून सांग, तुझा पत्ता तू कुठल्या कागदावर लिहून दिला आहेस का? ऑफिसातल्या कुणाच्या टेबलावरून तो कागद गेला? माणसं दारातून येत नाहीत गं, कागदातून येतात.

तुझ्या बाबांना मी काही बोलले नाही. पण दोन दिवस जेवण गेलेलं नाही माझं.

नलिनीआत्या


माण
४ ऑक्टोबर २०२५

आत्या,

तो माणूस कंपनीनेच पाठवला होता.

अकाउंट्सने माझा दावा तपासायला एका एजन्सीला दिला होता. फोटो माझ्या ओळखपत्रावरचा होता. एकटी राहते का, कधी येते, हे सगळे त्यांच्या छापील फॉर्मातले प्रश्न. त्याने फॉर्मात लिहिलं की दिलेल्या पत्त्यावर सदर कर्मचारी राहत नसल्याचं घरमालकिणीने स्पष्टपणे सांगितलं, शेजारच्या दुकानदारानेही दुजोरा दिला. रंभाबाईंनी दुकानदारालाही पढवून ठेवलं होतं.

आता मला नोटीस आलीय. बिऱ्हाड हललंच नाही, म्हणजे भत्ता खोट्या कागदांवर उचलला. तो पगारात धरून कर कापतील, ते एक वेळ चालेल. पण पुढे लिहिलंय की खोटं विधान केल्याबद्दल सेवा समाप्त का करू नये. असा शेरा एकदा लागला की पुढची प्रत्येक कंपनी जुन्या कंपनीला विचारते. सतरा तारखेला सुनावणी आहे. उत्कर्षा मॅडम म्हणून अकाउंट्सच्या प्रमुख आहेत, त्यांच्यासमोर. ट्रकची पावती दाखवली तर म्हणाल्या, पावती विकत मिळते. माणूस घेऊन या, जो सांगेल तुम्ही तिथं राहता.

रंभाबाईंना सांगितलं तर त्या रडायला लागल्या. पण लिहून द्यायला कोंडिबा तयार नाहीत. म्हणाले, ‘म्या एकदा कागदावर सही केली आन् बारा एकर गेलं. कागद हातातनं सुटला की आपला ऱ्हात न्हाई, पोरी.’ शिवाय आठ खोल्यांपैकी ग्रामपंचायतीत नोंद दोनचीच आहे. माझ्यासाठी एक कागद दिला तर उरलेल्या सहा खोल्यांची चौकशी होईल, ही त्यांची धास्ती. ती खोटी नाही.

मला भीती वाटते, आत्या. आधी कुणी मला शोधेल म्हणून वाटत होती, आता कुणी मला सापडलेलं मानणारच नाही म्हणून वाटते. आणि राग पण येतो. तुझाही येतो. तू कारण सांगितलं असतंस तर मी निदान तोलून बघितलं असतं. नुसतं ऐक म्हणालीस आणि मी ऐकलं.

जुईली


उमरखेड
८ ऑक्टोबर २०२५

जुईली,

तुझा राग रास्त आहे. कारण सांगते. तुझ्या आजीलाही सांगितलं नव्हतं.

सत्याऐंशी साली माझी बदली सिरोंच्याला झाली, उपकोषागारात. मी चोवीस वर्षांची. बदलीच्या प्रवासभत्त्याचं बिल मी भरलं. त्यात नवा पत्ता, सामानाची यादी आणि सोबत आलेल्या कुटुंबीयांची नावं लिहायची असत. त्या रकान्यात मी माझ्या सुंदर अक्षरात ‘निरंक’ असं लिहिलं. ते बिल मंजुरीसाठी आमच्याच टेबलावर आठवडाभर पडून होतं. एका ठेकेदाराचा माणूस रोज चलन भरायला यायचा. त्याने ते वाचलं. मी कुठे राहते आणि एकटी राहते, हे त्याला मीच लिहून दिलं होतं.

तीन दिवस तो संध्याकाळी अंगणात येऊन उभा राहायचा. बोलायचा नाही. मी आत कंदील न लावता बसायची. चौथ्या दिवशी त्याने दार ढकललं आणि कडी निखळली. पलीकडच्या घरातल्या बायका लाकडं फोडत होत्या, त्या कुऱ्हाडीसकट धावल्या म्हणून मी आज तुला पत्र लिहिते आहे. काही झालं नाही, असं मी स्वतःला अडतीस वर्षं सांगत आले. पण मी उमरखेडला परत बदली करून घेतली आणि त्यानंतर एकही बदली घेतली नाही. दोनदा बढती सोडली. आईच्या दम्याचं निमित्त केलं. सगळे म्हणायचे, नलिनी किती गुणाची. उमरखेडची वेस मी ओलांडलेली नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तीच भीती मी तुझ्या सामानात बांधून पाठवली. चुकले.

आता नीट ऐक, पण या वेळी तोलून बघ. कोंडिबांकडून कागद मागू नकोस. माणूस आणा असं त्या बाई म्हणाल्या ना? मग रंभाबाईला घेऊन जा. तिने तोंडाने सांगावं आणि त्या बाईंनी लिहून घ्यावं. ट्रॉलीतून सामान उतरवणारे शेजारी असतील, त्यांनाही न्यावं. आणि रंभाबाईला म्हणावं, यापुढे विचारेल त्याला खरं सांगायचं. माझ्या भीतीपायी तू खोटी ठरू नकोस.

नलिनीआत्या


होसूर, तमिळनाडू
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. दिवाळीला आले नाही, कारण सुनावणी आटोपताच इकडे पाठवलं. पण खरं सांगायचं तर तुझ्यासमोर कशी बसू हेही कळत नव्हतं. राग आल्याचं लिहिलं होतं, ते पुसून टाक.

सतरा तारखेला रंभाबाई आल्या. मी बोलावायच्या आधीच, इरकली नेसून, रिक्षाने, कंपनीच्या गेटवर. सोबत खालच्या दोन बिऱ्हाडांतल्या बायका आणि मागे तोंड पाडून कोंडिबा. उत्कर्षा मॅडमनी बसायला सांगितलं तर बसल्या नाहीत. ‘खोटं म्या बोलले, पोरीनं न्हाई. तिचं समदं सामान माज्या ट्रॅक्टरातनं आलंय. काय दंड करायचा त्यो मला करा,’ म्हणाल्या. मॅडमनी लिहून घेतलं. कोंडिबांनी सगळ्यांत शेवटी सही केली. पेन खूप वेळ हातात धरून होते. दावा मंजूर झाला, नोटीस मागे घेतली. मॅडम मला म्हणाल्या की फॉर्मातला ‘एकटी राहते का’ हा प्रश्न त्या काढून टाकणार आहेत.

इथवर चांगलं आहे. आता पुढचं लिहिते.

सोमवारी, तीन तारखेला, तोच माणूस परत आला. रंभाबाईंनी त्याला ओळखलं. आपल्या खोटेपणाने पोरीची नोकरी जात होती, म्हणून या वेळी त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि सगळं खरं सांगितलं. वरची खोली तिची. एकटीच असते. आता मद्रासकडं गेलीय. वीस तारखेला येणार. कडी जरा सैल आहे, सुतार सांगितलाय. त्याने ऐकून घेतलं, वर जाऊन कुलूप बघितलं आणि गेला. रंभाबाईंनी मला फोन केला तो शाबासकीसाठी.

मी उत्कर्षा मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, आमचं काम सतरालाच संपलं, आम्ही कुणालाही पाठवलेलं नाही. त्यांनी एजन्सीला फोन लावला. तिथून कळलं की दयानंद नावाचा तो माणूस दसऱ्यालाच काम सोडून गेला. त्याच्याकडचे फॉर्म त्याने परत केलेत की नाही, हे कुणी सांगू शकलं नाही. कोंडिबा चौकीत जाऊन आले. पोलिसांनी नाव लिहून घेतलं, बघतो म्हणाले.

आत्या, मी वीसला येणार आहे हे त्याला माहीत आहे. मला खोली सोडायची नाहीये. एवढं करून ती माझी ठरली आणि आता वीसचं तिकीट काढायला घेते आणि तसंच ठेवून देते.

जुईली


माण
१४ नोव्हेंबर २०२५

चि. जुईली,

पत्त्याकडे बघून दचकू नकोस. हे मी तुझ्याच खोलीतून, तुझ्याच टेबलावर लिहिते आहे.

तुझं पत्र दहा तारखेला मिळालं. त्याच दिवशी मी तुझ्या बाबांना फक्त एवढंच सांगितलं की कान दाखवायला पुण्याला जाते. ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसले आणि वेस मागे पडली तेव्हा मी पदर तोंडात धरला होता. शेजारच्या बाईला वाटलं, गाडी लागते. तिने आवळासुपारी दिली. अकराला सकाळी हिंजवडीला उतरले. रंभाबाई न्यायला आली होती. ती काय काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं, पण माझा हात तिने घरापर्यंत सोडला नाही. कडी बसवून घेतली. खिळे लांब लावले.

काल दुपारी तो आला.

मी गच्चीच्या पायऱ्यांवर मेथी निवडत होते. मोटारसायकल मला ऐकू आली नाही. रंभाबाई ओट्यावरून उठून उभी राहिली, ते दिसलं. मग खालच्या सातही खोल्यांची दारं उघडली. त्या बायकांचं आधीच ठरलं होतं म्हणे. रंभाबाई त्याला काय म्हणाली ते तिने मला नंतर कानाशी येऊन, ओरडून, शब्दाला शब्द सांगितलं. ‘हाय की, हितंच राहती. तिची आत्या बी राहती. ती बघा, वर बसलीया. तुमचं नाव काय, गाव कुटलं, कुनी धाडलं, ते सांगा, मग बोलावते.’

तो वर बघू लागला. जुईली, मी खोटं लिहिणार नाही. मी घाबरले, मांडीवरची मेथी खाली सांडली. अडतीस वर्षांपूर्वीचा तो माणूस हा नव्हे, हे मला कळत होतं, तरी तोच दिसत होता. पण मी उठले. एकेक पायरी उतरत खाली आले. शेजारीच ठेवलेली तुझी वही आणि पेन हातात घेतलं होतं. ऑफिसात आवक नोंदवहीत लिहून घ्यायचो तसं मी त्याच्यापुढे पान धरलं आणि म्हटलं, नाव, पत्ता, येण्याचं कारण, सही. माझा आवाज किती मोठा निघाला ते मला माहीत नाही. रंभाबाई म्हणते, नाक्यापर्यंत गेला.

त्याने पेन घेतलं नाही. बायका ओट्यांवरून उतरून जवळ आल्या तेव्हा त्याने गाडी वळवली. गाडीचा नंबर मी लिहून घेतला आणि संध्याकाळी कोंडिबांबरोबर चौकीत जाऊन दिला. या वेळी पोलिसांनी रीतसर तक्रार लिहून घेतली. पोच माझ्याकडे आहे. उत्कर्षाबाईंनाही एक प्रत पाठवली आहे.

तो परत येईल का, ते सांगता येत नाही. मी रोज घाबरते. आत्ता लिहितानाही जिन्याकडे तोंड करून बसले आहे. तू वीसला ये. मी बसस्टॉपवर असेन, रंभाबाईही येईन म्हणते आहे. दौरे सोडू नकोस, जा तिथे जा. परत आलीस की दार आतून उघडायला माणूस असेल.

तुझ्या बाबांना आज पत्र टाकलं. माझी पेटी, दोन लुगडी आणि औषधांचा डबा पाठव म्हणून लिहिलं आहे. नोकरीत असताना दोनदा बदलीचा हुकूम परत केला होता मी. ही बदली कुणी केलेली नाही, माझी मीच केली आहे, आणि सामान हलवायचा खर्चही माझाच.

तुझी,
नलिनीआत्या